लाहीबुवा ओतारी

पूर्वी मुक्तावती नगरीवर वीरबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोमक. काशाच्या घंटा आणि समया ओतणे हा त्याचा पिढीजात धंदा होता.

ओताऱ्यांच्या आळीत एक रीत होती. भट्टी पेटवण्याआधी तिच्या तोंडाशी कोंबडा कापायचा. भट्टी तृप्त झाली की ओतकाम बिनघोर होते, अशी सगळ्यांची समजूत. सोमकाने जीव न मारण्याचे व्रत घेतले होते, म्हणून तो भट्टीला मूठभर लाह्या वाहायचा. आळीला एवढे निमित्त पुरले. ‘लाहीबुवा’ हे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. आळीचा मुख्य रोहक, हाताचा मोठा गुणी, पण त्याच्या जिभेला हाड नव्हते. रोज सकाळी तो ओसरीवरून ओरडायचा, “काय लाहीबुवा, भट्टीला आज काय? वरणभात, की नुसतं ताक?” आणि आळी खदखदून हसायची. एकदा सोमकाचा साचा फुटून डावा हात भाजला. तेव्हा तर “भट्टी उपाशी होती, बुवांनाच चावली,” हे वाक्य आळीला वर्षभर पुरले.

सोमक उलट बोलत नसे. त्याची बायको इंदुला चिडायची. “अहो, देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं जेवायला?”

“जाऊ दे गं,” तो म्हणायचा.

खरे सांगायचे तर तो थकला होता. क्षमा एकदाच करून मोकळे होता आले असते, तर ती कोणीही केली असती. ती रोज सकाळी नव्याने करावी लागते, आणि वीस वर्षांच्या सकाळी काही थोड्या नसतात.

एका वर्षी राजाने नगराच्या वेशीसाठी मोठी घंटा करायला सांगितली. काम अर्थातच रोहकाकडे गेले. तळ्याकाठी खड्डा खणून त्यात माणसाहून उंच साचा पुरला. मुहूर्ताच्या दिवशी चार भट्ट्या धडधडत होत्या आणि चार कोंबडे कापून झाले होते. सारे नगर बघायला लोटले. सोमकही गर्दीत मागे उभा राहिला.

उभ्या उभ्या त्याच्या लक्षात आले की थाळी कुठेच दिसत नाही. ओतण्याआधी साच्याच्या वाफेच्या भोकावर थंड काशाची थाळी धरायची, ही जुन्या ओताऱ्यांची शिकवण. थाळीला दव आले तर साचा आत ओला आहे असे समजायचे. ओल्या साच्यात काशाचा तापलेला रस पडला की साचा फुटतो आणि रस माणसांच्या अंगावर उडतो. खड्ड्याच्या कडेची तळ्याकडची माती सोमकाला काळपट दिसली. पाणी झिरपत होते. रोहक आणि त्याची सहा माणसे कडेलाच उभी होती. भट्टी तृप्त आहे, मग थाळी हवी कशाला, असा त्यांचा हिशेब.

सोमकाच्या मनात आले, ‘फुटू दे.’

आणि त्या विचाराने त्याला बरे वाटले. अगदी उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावे तसे बरे वाटले. मग तो मनातून हादरला. वीस वर्षे मी जिला क्षमा म्हणत आलो, ती नुसती दमलेल्या माणसाची चुप्पी होती की काय? आज गप्प राहिलो तर मला कोणी दोष देणार नाही, आणि सात माणसे होरपळून मरतील.

तो गर्दी सारून पुढे गेला. “रोहका, थांब. साचा ओला आहे.”

रोहकाने आधी त्याच्याकडे आणि मग लोकांकडे पाहिले. “आले बघा! बुवांच्या डोळ्यांत घंटा खुपायला लागली!”

लोक हसले. कोणीतरी त्याच्या अंगावर लाह्याही फेकल्या. सोमक खड्ड्यात उतरला आणि साच्याच्या तोंडावर जाऊन बसला. “थाळी धरून बघ. कोरडी निघाली तर मी उठतो, मग तू खुशाल गाढवावरून धिंड काढ.”

“आणा रे थाळी,” रोहक म्हणाला. “आजची करमणूक पुरी होऊ दे.”

थाळी भोकावर धरली. चार श्वास झाले असतील नसतील, तिच्यावर थेंब जमले आणि कडेवरून ओघळू लागले. कडेला उभे असलेले सहा जण न सांगता मागे सरले.

मग लोक पुन्हा हसले, पण या वेळी रोहकाला. “चार कोंबडे फुकट गेले की रे!” “मुख्य म्हणे!” रोहकाचा चेहरा राखेसारखा झाला. खाली मान घालून कसे उभे राहायचे हे त्याला ठाऊकच नव्हते, कधी वेळच आली नव्हती.

सोमकाने डावा हात वर केला. कातडी आवळलेला तो हात सगळ्यांनी पाहिला. “हसू नका,” तो म्हणाला. “मीही एकदा थाळी न धरता ओतलं होतं. माझीही घाईच होती. त्याच्याहून मी शहाणा नाही, आधी भाजलोय एवढंच.” मग तो रोहकाकडे वळला. “पाझर बुजवू या. शेण्या मागव. साचा चार दिवसांत वाळेल.”

चार दिवस दोघांनी मिळून शेण्यांच्या मंद आरावर साचा शेकला. पाचव्या दिवशी घंटा निर्दोष उतरली. आठव्या दिवशी सकाळी रोहक ओसरीवरून ओरडला, “काय लाहीबुवा, आज काय बेत?”

सोमकाचा थकवा होता तसाच होता. “आज लाह्याच,” तो म्हणाला, “ये तूही मूठभर खायला.” त्या वेळी त्याच्या मनात कोठेही ‘फुटू दे’ नव्हते.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सुगुप्त नावाच्या भिक्षूला सांगितली. भिक्षेला गेला की गावकरी त्याची नक्कल करीत, आणि “भन्ते, आता सोसवत नाही,” असे म्हणून तो पात्र खाली ठेवून बसला होता.

“तेव्हाचा सोमक मीच होतो,” शास्ते म्हणाले. “तेव्हा हसणारे लोक आज तुझे गावकरी आहेत.”

“आणि रोहक, भन्ते?”

“रोहक तू होतास, सुगुप्ता. आठव्या दिवशीही तुला क्षमा मिळाली होती. अशा रोज नव्याने केलेल्या क्षमेलाच क्षांती म्हणतात.”