भागीबायचे वाटे

फार वर्षांपूर्वी, जेव्हा आगबोटी किनाऱ्याकिनाऱ्याने धूर सोडत जायच्या आणि आमच्या आडवेळची वाळू आजच्या दुप्पट रुंद होती, तेव्हा या गावात भागीबाय राहत होती. तिचं खरं नाव भागीरथी. पण लोक म्हणत, नावामुळे नव्हे, ती भाग पाडायची म्हणून ती भागी.

भाग कसले? तर माशांचे. आडवेळला रापण लागायची. होडी समुद्रात जायची, मोठं जाळं गोल सोडत परत यायची, आणि त्या जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या अख्खा गाव किनाऱ्यावर उभा राहून ओढायचा. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. नियम एकच होता. दोरीला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. वाटेने जाणारा परका माणूस थांबला आणि त्याने दोरी धरली, तरी त्याला वाटा.

जाळं वाळूवर आलं की भागीबाय पदर खोचून बसायची आणि माशांचे ढीग घालायची. एक मोठा बांगडा इकडे, तर दोन लहान तिकडे. मग एका माणसाला समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभं करायची. एकेका ढिगावर हात ठेवून विचारायची, "हो वाटो कोणाचो?" पाठमोरा माणूस तोंडाला येईल ते नाव घ्यायचा. त्यामुळे कोणाला काय मिळालं यावरून आडवेळला कधी भांडण झालं नाही, असं म्हणतात.

एका सकाळी किनाऱ्यावर इतकं धुकं होतं की ओढणाऱ्याला आपल्या पुढचा माणूस दिसत नव्हता. जाळं वर आलं. तारली माशांच्या रुपेरी ढिगात काहीतरी तपकिरी, गोल, ओलं चमकत होतं. कोणी म्हणालं, शहाळं आहे. कोणी म्हणालं, समुद्रातल्या मोठ्या पक्ष्याचं अंडं आहे. आगबोटीवर नोकरी केलेला एक खलाशी गावात होता, तो हसला. म्हणाला, "ह्यो फुटबॉल. लाथेन खेळूचो. हात लावूचो नाय."

आता पंचाईत झाली. जाळ्यात आलेल्या प्रत्येक गोष्टीत सगळ्यांचा वाटा. रापणीचा प्रमुख होता धाकू तांडेल, भागीबायचा दीर. तो कोयता घेऊन पुढे झाला.

"कापूया. चामडा घराघरात वाटूया. वहाणांका होयत."

भागीबायने चेंडू उचलून मांडीवर घेतला. "कापल्यार कोणाचोच नाय ऱ्हवणार, भावजी. चेंडू वाटूक येणा नाय. खेळ वाटूक येता."

आणि तिने त्याच वाळूवर वाटा घातला. ज्या ज्या घराने दोरी ओढली होती, त्या त्या घरातल्या पोरांना खेळात जागा. दोरी मुलींनीही ओढली होती, म्हणून मुलीही आल्या. भागीबायने खलाशाला पाठमोरं उभं केलं, एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हो वाटो कोणाचो?" तो कधी म्हणाला डोंगराचा, कधी म्हणाला दर्याचा. असे दोन संघ झाले. त्या दिवसापासून ओहोटी लागली, ओली वाळू उघडी पडली, की पोरं धावत सुटायची. समुद्र देईल तेवढं मैदान आणि समुद्र देईल तेवढा वेळ.

भागीबायला खेळातलं काही कळत नव्हतं. खलाशाने सांगितलेले नियमही ती विसरायची. ती फक्त बसायची आणि पोरांकडे बघायची. शेवंती नावाची एक मुलगी चेंडू आला की डोळे मिटून घ्यायची. पण होडीतून फेकलेला मासा मात्र ती कधी हातातून सुटू द्यायची नाही. भागीबायने तिला गोलात उभं केलं आणि सांगितलं, "सुरमई येता असा समज." त्यानंतर शेवंतीच्या हातून चेंडू सुटल्याचं फारसं कोणी पाहिलं नाही.

आणि धाकू तांडेलाचा नातू होता गुणो. तो चेंडू घेऊन निघाला की वाळूवर त्याच्या पावलांचे ठसे उमटत नसत, असं म्हणतात. तो एकटाच सगळ्यांना चुकवून जायचा आणि गोल करायचा. एकदा भागीबायने त्याला जवळ बोलावलं.

"गुण्या, चेंडू पायाशी इलो, तो तुझो वाटो. पण आख्खी टोपली घराक नेतत काय रे?"

गुणो लाजला. तेव्हापासून तो चेंडू द्यायला शिकला. त्याने दिलेला चेंडू दुसरा पुढे द्यायचा, दुसऱ्याचा तिसरा. संध्याकाळच्या लांब सावल्यांत बघणाऱ्याला वाटायचं, चेंडू कोणी मारतच नाही, तो आपला आपण पोराकडून पोराकडे फिरतो आहे.

ही गोष्ट खाडीपलीकडच्या बंदरात पोचली. तिथे शाळा होती, शाळेला मैदान होतं, पोरांना बूट होते. बंदरकरांनी निरोप धाडला, आमच्याशी खेळा. धाकू तांडेलाची छाती फुगली. पण संघ निवडायचा दिवस आला, तेव्हा भागीबायने नेहमीसारखंच कोणालातरी पाठमोरं उभं केलं. ज्याचं नाव आलं, तो खेळणार. त्यात गुणोचं नाव आलं नाही. शेवंतीचंही नाही.

"वैनी, ह्या खेपेक तरी नीट निवड," धाकू म्हणाला. "अर्धी पोरां चेंडवाक भितत. ह्येंका घेवन जिंकतलव कशे?"

"जिंकूक नाय मिळाला तरी चलात, भावजी. उद्या दोरयेक ह्येच हात लागतले."

आडवेळकर गेले आणि हरले. असे हरले की मोजणाऱ्याने मोजणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आडवेळच्या बाया टोपल्या घेऊन बंदराच्या बाजारात गेल्या, तर लोक हसून विचारू लागले, "काय गो, बांगडे हाडलंस की कालचे गोल?"

हे हसणं गावाला झोंबलं. धाकूने चेंडू आपल्या घरी नेऊन ठेवला. म्हणाला, यापुढे संघ मी निवडणार. भागीबायने पदराला हात पुसले आणि ती घरी गेली. त्या रात्री ती जेवली नाही, एवढंच शेजारणीने पाहिलं.

धाकूने निवडक पोरं घेतली आणि त्यांना रोज खेळवलं. ती जिंकू लागली. आजूबाजूच्या वाड्यांना त्यांनी हरवलं. गाव नाचला. बाकीची पोरं काही दिवस वाळूच्या कडेला बसून बघत राहिली, मग यायची थांबली. शेवंती आईबरोबर मासे सुकवायला जाऊ लागली. गोलात एक मुलगा उंच म्हणून उभा राहिला.

आणि मग एक गोष्ट घडली, जी कोणी ठरवून केली नव्हती. रापणीच्या दोरीवरचे हात कमी झाले. ज्या घरच्या पोराला वाळूवर जागा नव्हती, त्या घरात सकाळी कोणाची तरी कंबर दुखायची, कोणाला तरी ताप असायचा. जाळं लहान होत गेलं. समुद्रही लांब लांब गेल्यासारखा वाटू लागला.

गुणोचंही मन रमेना. एके दिवशी तो भागीबायच्या ओट्यावर येऊन बसला. ती तुटलेलं जाळं शिवत होती.

"आजये, आता सगळे चेंडू माकाच देतत. हरलव तर तांडेल ओरडात म्हणान भितत. मी कोणाक देऊ, तां समजणा नाय."

भागीबायने जाळ्याची गाठ ओढली. "माकाय समजणा नाय रे झिला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. गुणोने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याने जाळ्याचं दुसरं टोक आपल्या हातात धरलं.

दिवाळी झाली. थंडी पडली. बंदरकर पुन्हा खेळायला आले, या वेळी आडवेळला, ओहोटीच्या वाळूवर. धाकूने निवडलेला संघ उतरला. दोन्हीकडे सारखेच गोल झाले होते आणि ऊन कलायला लागलं होतं, तेव्हा समुद्रावर पक्षी गोळा झाले. पाण्याखाली एक काळी सावली सरकत येत होती, अख्ख्या गावाएवढी. तो माशांचा थवा होता. तसा थवा आडवेळने त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही, असं म्हणतात.

तांडेलाला धीर कुठला? धाकू चार माणसं घेऊन होडीत बसला आणि जाळं सोडत सोडत थव्याला वळसा घालून आला. एक दोरी किनाऱ्यावरच्या माडाला बांधली होती. दुसरी त्याने भागीबाय आणि तिच्या सोबतीच्या काही म्हाताऱ्यांच्या हाती फेकली, आणि जाळं कुठे अडकू नये म्हणून होडी जाळ्याच्या मागे बांधून तो पाण्यातच थांबला.

जाळं भरलं. भरलं आणि थवा फिरला. तो खोल पाण्याकडे निघाला, आणि जाळ्याबरोबर होडीही निघाली, पाण्यातल्या खडकाळ खडपाच्या दिशेने, जिथे लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या. किनाऱ्यावरचे म्हातारे दोरीबरोबर घसरू लागले. एकेकाचा हात सुटला. शेवटी दोरीवर भागीबाय एकटी राहिली. तिच्या टाचांनी वाळूत दोन चर पडले. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. तिने दोरी सोडली नाही.

त्याच क्षणी गुणोच्या पायाशी चेंडू होता. बंदरचा गोलकीपर चकून पडला होता आणि समोर गोल मोकळा होता. नुसता पाय लावायचा होता. गुणोने मान वर केली आणि त्याला भागीबाय दिसली.

त्याने चेंडू तिथेच ठेवला आणि तो धावला.

"आजये, धर! मी इलंय!"

त्याच्या मागे शेवंती आली, मासे टाकून. तिच्या मागे संघातली पोरं आली. मग घराघरातून ती पोरं आली, जी कितीतरी दिवसांत वाळूवर फिरकली नव्हती, आणि त्यांच्यामागे त्यांचे आईबाप. दोरी पुरेना. तेव्हा बंदरच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, बूट काढून फेकले आणि जिथे जागा दिसली तिथे हात घातला.

"हैसा रे हैसा!" भागीबाय ओरडली, आणि सगळ्यांचे पाय एकदम वाळूत रुतले. असं म्हणतात की त्या वेळी वारा थांबला. असं म्हणतात की दोरी वीणेच्या तारेसारखी वाजू लागली, आणि तिचा आवाज खाडीपलीकडे बंदरात ऐकू गेला. जाळ्यामागून समुद्र स्वतःच चालत आला, होडीला अलगद तळहातावर घेऊन, आणि देवळाच्या पायरीपाशी तिला ठेवून मागे गेला. धाकू तांडेल होडीतून उतरला तेव्हा त्याच्या पायाला पाणी लागलं नव्हतं.

वाळूवर मासे चांदण्यासारखे पसरले. भागीबाय ओल्या लुगड्यानेच खाली बसली आणि वाटे घालू लागली. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटे झाले. मग तिने दिराकडे पाहिलं. धाकू न सांगता समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"हो वाटो कोणाचो?"

त्याने एकेका घराचं नाव घेतलं. जी घरं त्याच्यावर रुसली होती, ती त्याने आधी घेतली. शेवंतीचं नाव घेतलं. गावातली सगळी घरं संपली, तरी वाटे उरले.

"हो वाटो कोणाचो?"

धाकू थांबला. मग मान न वळवता त्याने विचारलं, "बंदरच्या पोरांचो दोरयेक हात लागललो मां?"

"लागललो."

"मगे त्येंचो."

बंदरची पोरं डोक्यावर मासे घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी चेंडू भागीबायच्या ओट्यावर होता. धाकूने तो स्वतः आणून ठेवला होता, तेल लावून.

पण सामन्याचं काय? सगळे वाटे संपून लोक मागे वळले तेव्हा भरती आली होती आणि मैदान पाण्याखाली गेलं होतं. तो सामना अर्धवटच राहिला.

भागीबाय पुढे खूप म्हातारी झाली. डोळे गेले, तरी ती वाळूवर येऊन बसायची आणि पावलांच्या आवाजावरून पोर ओळखायची. तिने वाढवलेली पोरं बंदराच्या संघातून खेळली, काही आगबोटीने मोठ्या शहरांत जाऊन खेळली. गुणो मात्र गावातच राहिला आणि तिच्यानंतर तो पोरांना शिकवू लागला. एका आषाढात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असताना, भागीबाय झोपेतच गेली. रापण ओढताना सगळ्यात शेवटी जो उभा असतो, त्याला अजूनही वाटतं की आपल्या मागे आणखी कोणीतरी ओढतं आहे. मागे वळून बघायचं नाही, असं आम्हाला लहानपणी सांगत.

आता आडवेळला पोरांचा क्लब आहे. चुन्याने आखलेलं मैदान आहे, शिट्टी आहे, गणवेश आहे. पण दिवाळीनंतरच्या ओहोटीला आडवेळ आणि बंदर, दोन्हीकडची पोरं वाळूवर जमतात आणि भागीबायच्या नावाने तो राहिलेला सामना पुढे खेळतात. सुरुवात मधल्या रेषेवरून होत नाही. मोकळ्या गोलासमोर चेंडू ठेवतात, गुणोने ठेवला होता तसा. ज्याचं नाव निघेल ते पोर चेंडूपाशी उभं राहतं. गोल मारायला त्याला कोणी अडवत नाही. एकदा एका चिमुरडीने मारलासुद्धा. सगळा किनारा हसला, तिला कोणीतरी खांद्यावर घेतलं, आणि चेंडू पुन्हा आणून जागेवर ठेवला.

बाकीची पोरं मात्र थोडा वेळ त्या मोकळ्या गोलाकडे बघतात. मग मागे वळतात, कोण उभं आहे ते पाहतात, आणि चेंडू त्याच्याकडे देतात.