टिकलीएवढा रंग

"आवाज पोचवायचा कुणापर्यंत?" मेहबूब उस्तादांनी विचारलं.

"सगळ्यांपर्यंत," हे म्हणाले.

"सगळे राहतात कुठं?"

यांनी पिकअपचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. उत्तर नसलं की हे बॉनेट उघडतात. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, पण एवढं मला कळलं होतं.

हे म्हणजे माझा नवरा. नाव मी उखाण्यात घेतलं, तेवढंच.

बोरखिंडीच्या पायथ्याला, हायवेला लागून उस्तादांची पत्र्याची शेड आहे. गाड्यांचं वायरिंग, दिवे, हॉर्न, सगळं तिथं होतं. हे तिथंच काम शिकले. मग पिकअप घेतली, डाळिंबं वाहायला लागले आणि शेडमध्ये येणं राहिलं ते राहिलंच. आज आले होते ते प्रेशर हॉर्नचे दोन चकचकीत कर्णे आणि त्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घेऊन.

आणि मला घेऊन. ऐकायला कुणीतरी लागतं.

"उस्ताद, आज तुम्ही नुसतं बसा. हात लावायचा नाही. बघा तरी चेला कुठं पोचलाय."

"बसलो," उस्ताद म्हणाले आणि जुन्या टायरवर बसले. स्टूल त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

उस्तादांचा उजवा कान गेलाय. हॉर्न बसवता बसवता गेला. माणूस बोलायला लागलं की ते डावा कान पुढे करतात. गाडीला मात्र कान देत नाहीत, तिच्यावर तळहात ठेवतात.

"पोलीस धरतील हां, अंकुश."

"गावात कुठं वाजवतोय? फक्त खिंडीच्या वरच्या वळणावर."

"वळणावर कोण असतं?"

"वळणावर कोण नाही. खाली… खाली आमचं घर आहे."

मग हे वायर सोलत सोलत म्हणाले, "माल असला की खाली उतरता येत नाही ना उस्ताद. मार्केट गाठायचं असतं. आठ-आठ दिवस नुसता वरून जातो. म्हणून म्हटलं, वरून एकदा वाजवावा. म्हणजे घरात कळेल."

"काय कळेल?"

"की मी गेलो."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या चहाच्या ग्लासात पाहिलं.

"गेलो हे सांगायला एवढा मोठा हॉर्न?" उस्ताद म्हणाले. "आलास तर बिनहॉर्नचा चालशील."

हे हसले. मी हसले नाही.

आमचं स्वयंपाकघर त्या वळणाच्या बरोबर खाली आहे. वर हॉर्न वाजला की माझ्या हातातली भाकरी थांबते. कुणाच्याही हॉर्नला थांबते, तिला काय कळतंय. सासूबाई म्हणतात, "तव्याकडं बघ गं, हायवेला काय बघतेस."

आणि हे घरी असले तरी घर माणसांनी भरलेलं. त्या गर्दीत मला हाक मारायची तर हे "ओ" म्हणतात. कधी खाकरतात. कधी गाडीची किल्ली वाजवतात. मला नाव आहे. पत्रिकेत छापलं होतं. पण यांच्या तोंडून मी ते धड ऐकलेलं नाही. लग्नात उखाणा घेतला तोही असा भराभर, की मित्र हसले आणि नाव त्या हसण्यात गेलं.

मला ते ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं असं नाही, पण आधी ते.

लग्नासाठी पिकअपला नवा रंग दिला होता. मोरपंखी, दोन हात. रंगाऱ्यानं विचारलं होतं, "मागं वहिनींचं नाव टाकू का?"

हे म्हणाले, "नको. लोक वाचतात."

काम मात्र यांनी सुरेख केलं. बॅटरीपासून जाड वायर आणली, मध्ये फ्यूज टाकला, करंट जोडणारा रिले बसवला, बटण स्टिअरिंगच्या हाताशी. सगळ्या वायरी चिकटपट्टीत अशा गुंडाळल्या, जशी वेणी घालावी. शेवटी कॉम्प्रेसरची काळी वायर राहिली. ती यांनी बॉनेटच्या आत, मोरपंखी पत्र्यावर, स्क्रूनं घट्ट आवळली.

"तिथंच?" उस्तादांनी विचारलं.

"तिथंच. जवळ पडतं."

"बरं."

यांनी हात पुसले. मग माझ्या बाजूला, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओ… पहिला आवाज इथून नाही ऐकायचा. त्या पुलापाशी जाऊन उभं राहायचं. इकडे पाठ करून. ऐकू आला की हात वर करायचा."

हे मला तू म्हणत नाहीत, तुम्हीही म्हणत नाहीत. नुसतं जायचं, थांबायचं, करायचं.

मी गेले.

पुलापाशी एसटीची वाट बघत दोन बायका उभ्या होत्या. घाटातून गाड्या उतरत होत्या, एकीचा आवाज दुसरीत मिसळत होता. मी शेडकडे पाठ केली आणि डोळे मिटले. म्हटलं, पहिला आवाज माझ्यासाठी ठेवलाय. एवढं तरी केलं.

आणि आला… मोठा, लांब, दोन सुरांचा. हात आपोआप वर गेला.

डोळे उघडले तर शेजारून दुधाचा टँकर चालला होता. ड्रायव्हरनंही मला हात केला.

मी हात खाली घेतला.

पुन्हा वाट पाहिली. हॉर्न पुष्कळ वाजले. आता कुठल्या हॉर्नला हात वर करायचा तेच कळेना.

मग मागून आवाज आला, "ओ!"

दोन्ही बायका वळल्या. मी नाही वळले. घरी या 'ओ'ला मी लगेच वळते. तिथं का नाही वळले, सांगता येणार नाही.

"ओ!"

"तुला का गं?" एका बाईनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिथून खाकरणं पोचलं नसतं. किल्ली तर नाहीच. मी पुलाच्या कठड्याकडे बघत उभी राहिले. एक ट्रक गेला. दुसरा यायचा होता. त्या मधल्या जागेत…

"कावेरी…"

मोठ्यानं नव्हतं. शेवटचं अक्षर निम्मं तोंडातच राहिलं. पण आलं. एवढा हायवे आडवा असून आलं.

"अगं, कुणाला तरी बोलवतायत," ती बाई म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "मलाच."

परत येताना मी भराभर चालले नाही.

शेडमध्ये उस्ताद उभे होते, तळहात बॉनेटच्या कडेवर. यांचे कान तापलेल्या तव्यासारखे लाल.

"हॉर्न वाजलाच नाही, बेटी," उस्ताद म्हणाले. "रिले टक करतोय फक्त. कॉम्प्रेसर मेल्यागत पडलाय."

"पण मी हात…"

"बघितला. दोघांनी बघितला."

मग उस्तादांनी यांच्याकडे डावा कान केला, जसं काही यांनी बोलायला सुरुवात केलीय. म्हणाले, "अंकुश, न वाजताच हिला ऐकू आला. अजून किती मोठा पाहिजे?"

हे बॉनेट उघडायला वळले. ते उघडंच होतं.

"चूक कुठंय, उस्ताद?"

"मला हात लावायचा नाही. तू बघ. कुठं पोचलायस ते."

यांनी फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. रिले चांगला. वायरी चांगल्या. हात एकेका जोडावरून फिरत फिरत शेवटी त्या काळ्या वायरीवर थांबला.

"अर्थ," हे हळूच म्हणाले. "याला अर्थच नाही मिळत."

अर्थ म्हणजे अर्थिंग. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत जायची वाट. ती उघड्या लोखंडातून जाते, हे त्या शेडमध्ये बसून मलाही कळलं होतं.

"का नाही मिळत?"

"रंगावर… रंगावर स्क्रू मारला."

"रंगावर अर्थ धरत नाही. तू इथं आलास तेव्हा सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं."

"लक्षात होतं, उस्ताद. पण रंग नवा आहे."

"तेच तर."

उस्तादांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून यांच्या हातावर ठेवला.

यांनी स्क्रू सोडवला. पेपर बोटाच्या टोकाला धरला आणि मोरपंखी रंगावर घासला. इतका हळू, की जणू पत्र्याला लागेल. टिकलीएवढा रंग निघाला. खाली लोखंड चमकलं. हे थांबले, फुंकर मारली आणि तेवढ्यावरच स्क्रू परत आवळला.

मग बटण माझ्याकडे दाखवून म्हणाले, "दाब."

दाबायचं नाही. दाब.

मी दाबलं.

हॉर्न वाजला. वाजला म्हणजे, घोगरा, अर्धामुर्धा, आतल्या आत. अगदी यांच्या खाकरण्यासारखा. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग हेही हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं…

मिटलं.

आणि उस्तादांकडे वळले.

"उस्ताद, लागला का अर्थ?"

उस्तादांनी बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"लागतोय," ते म्हणाले. "अजून रंग खरवड."