बेहड्याखालचा केर

"माझ्या अंगणात ही घाण टाकायला तुम्ही सांगितलीत, महाराज?"

अच्युतभारतीचा आवाज टिपेला गेला होता. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात हिसकावून घेतलेली टोपली. मागे ठमाबाई उभी. ही पाड्यावरची कातकरीण. पदर कमरेला खोचलेला, डोळे वटारलेले, मनगटावर खराट्याचा लाल ओरखडा.

दयाळभारती महाराज समाधीच्या चौथऱ्यावर बसून पायातला काटा काढत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"हो. मीच."

झालं! अच्युतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणार नाही तर काय? सात वर्षं, अहो, सात वर्षं हा माणूस पहाटे उठून त्या बेहड्याखालचं पान न् पान झाडत होता. बेहड्याच्या मुळाशी महाराजांच्या गुरूंची समाधी. तिच्यावर वाळकं पान दिसलं की याच्या जिवाची नुसती तडफड. झाडायचं, ढीग पेटवायचा, राख ओढ्यात सोडायची, वर शेणाचा सडा. येणारा जाणारा म्हणायचा, "वा! चटणी सांडली तरी उचलून खावी अशी जागा!" ते ऐकून अच्युत मान खाली घालायचा आणि आतून टम्म फुगायचा.

आणि आज ही बाई रानातला कुजका पाला आणून त्याच जमिनीवर ओतत होती.

"तीन टोपल्या ओतल्या हिनं! किडे वळवळतायत त्यात!"

"ओतणारच," ठमाबाई म्हणाली. "झाड मारलंस तू, बुवा."

"तू गप्प बस!"

"ती का गप्प बसेल?" महाराज आता उठले. "वर बघ."

अच्युतनं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. बेहड्याचा शेंडा गेल्या वर्षी वाळला होता. यंदा दोन मोठ्या फांद्या गेल्या. खोडाची साल हात लावला की सुटून येत होती. गावानं तर ठरवूनच टाकलं होतं, वैशाखात पालवी फुटली नाही तर झाड तोडायचं. उगाच पावसाळ्यात समाधीवर कोसळायला नको. त्या दिवसापासून अच्युतच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"मी काय कमी केलं या झाडाचं?" तो ओरडला. "ओढ्यावरून हंडे वाहिले. शेणखत घातलं. एकवीस दिवस अनुष्ठान केलं. आणखी काय करायचं होतं?"

महाराजांनी हातातला काटा फेकून दिला. त्याचं मनगट धरलं आणि फरफटत त्याला मठाच्या दगडी गडग्यापलीकडे नेलं. तिथं देवराई. तिथं कुणी झाडत नाही, कुणी काडीही उचलून नेत नाही.

"घाल हात."

"कुठं?"

"खाली! पाल्यात!"

अच्युतनं हात घातला. वर कोरडी पानं चुरचुरली. त्याखाली गेल्या सालची, ओली, नुसत्या शिरा उरलेली. त्याखाली पांढरी बुरशी, सुतासारखी पसरलेली. मग काळी, भुसभुशीत, गार माती. हात कोपरापर्यंत गेला. बोटाखालून एक गांडूळ सरकलं आणि त्यानं दचकून हात बाहेर ओढला.

"इथं कुणी खत घातलं?"

अच्युत बोटांची माती झटकत राहिला.

"बोल की! कुणी अनुष्ठान केलं इथं?"

"कुणीच नाही."

महाराजांनी तसंच त्याला परत बेहड्याखाली आणलं.

"आता इथं घाल."

अच्युतनं बोटं रोवली. जमीन फरशीसारखी. रागानं आणखी जोर लावला, तर नख मोडलं. रक्त आलं.

"झाड वरून पान टाकतं," महाराज म्हणाले. "पान खाली कुजतं आणि झाड ते मुळांनी परत खातं. सात वर्षं तू त्याच्या तोंडचा घास काढून जाळलास. आणि वर शेण फासलंस. पहिल्या सरीबरोबर तेही वाहून गेलं."

अच्युतचं तोंड उतरलं. पण राग कसला उतरतोय! तो फक्त दुसरीकडे वळला.

"मग सांगितलं का नाहीत?" तो किंचाळला. "सात वर्षं बघत बसलात?"

"पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. राहू दे रे ती पानं, म्हटलं होतं. तू काय केलंस?"

अच्युतला आठवलं. चांगलं आठवलं. दुसऱ्या दिवसापासून तो तासभर आधी उठून दोनदा झाडायला लागला होता.

"मला वाटलं..." तो पुटपुटला. "मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा बघताय."

"परीक्षा!" महाराज असे कडाडले की ठमाबाईसुद्धा मागे सरली. "मी पानांबद्दल बोलत होतो, गाढवा! पानांबद्दल!"

ठमाबाईनं तोंडाला पदर लावला. अच्युतच्या कानशिलांना आग लागली.

"पुन्हा नाही सांगितलंत," तो हट्टानं म्हणाला. "एकदाच सांगितलंत."

महाराजांनी चौथऱ्यावर मूठ आपटली. हा संताप आता शिष्यावर नव्हता.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "लोक वाहवा करत होते. मलाही ती गोड लागली."

मग ते ठमाबाईकडे वळले. "मी हात जोडतो, बाई. याचंही चुकलं, माझंही चुकलं. पाला आण. रोज आण."

"आणते की. आधी त्याचा खराटा आवरा."

महाराजांनी हात पुढे केला. "दे."

अच्युतनं खराटा छातीशी धरला. "खराटा घेतलात तर मी मठ सोडून जाईन."

"जा."

तो गेला नाही. महाराजांनी खराटा त्याच्या हातातून खेचून घेतला, दोरी तोडली आणि सगळे हीर ठमाबाईच्या पाल्यावर भिरकावले. पायानं ढीग बुंध्याभोवती पसरला.

अच्युत बघत राहिला. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती. वर एकही हिरवं पान नव्हतं. वैशाखाला अजून दोन महिने होते.

"आणि माझी सेवा?" तो म्हणाला. "सात वर्षांची! तिचं काय करू मी? सांगा ना! तिचं काय करू?"

महाराजांनी पाल्यातली जागा हातानं थोडी मोकळी केली.

"तीही टाक इथंच," ते म्हणाले. "कुजू दे."