खारातल्या लिंबाची बरणी

“मग यातलं वाया काय गेलं, तेवढं दाखवा मला.”

शालननं पिशवीतलं एकेक काढून मठाच्या ओट्यावर मांडलं आणि पदरानं कपाळ पुसलं.

हिरागीरबाबा पलीकडे नळाखाली बसून दुपारच्या खिचडीचं पितळी पातेलं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गेल्या गुरुवारी भजन संपल्यावर बायकांत बोलणं निघालं होतं. कुणीतरी म्हणालं, “शालनवहिनींच्या घरी लिंबाची बीसुद्धा वाया जात नाही.” सगळ्या हसल्या, कौतुकानंच. आणि बाबा तिथून जाता जाता म्हणाले, “जात असेल की.”

एवढंच. पण शालनला आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. परसात दोन झाडं, दोन्ही लिंबांनी वाकलेली, आणि एक लिंबू कधी उकिरड्यावर गेलं नव्हतं. गावात तिचं नाव होतं ते याच गोष्टीसाठी.

“हा रस,” तिनं बाटली पुढे सरकवली. “दुप्पट साखर घालून उन्हात ठेवला. वर्षभर सरबताला पुरतो.”

“हं.”

“पिळलेल्या फोडी टाकत नाही मी. मीठ-तिखट लावून हे लोणचं केलंय. ही वाळवून कुटलेली सालं. डाळीच्या पिठात घालून नातीला आंघोळीला लावते. आणि बिया... ह्या बघा.”

कान तुटलेल्या कपात चार इवलाली रोपं उभी होती.

“आणि ज्या सालींत काहीच राहत नाही?”

“त्यांनी देवाची भांडी घासते.”

बाबांनी हात पुढे केला. “दे मग एखादी. हे बूड मघापासून हट्टाला पेटलंय.”

शालननं पुडीतून एक सुकलेली साल दिली. बाबांनी ती राखेत बुडवून घासली. काळं निघून पितळ पिवळंधमक दिसू लागलं.

“लबाड नाहीस,” ते म्हणाले. “निघतं खरं.”

“म्हणजे हरलात ना? आता पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगायचं.”

“सांगतो की.” बाबांनी पातेलं पालथं घातलं. “पण पिशवी अजून जड दिसते तुझी.”

शालनचं हसू जरा कमी झालं. ती वस्तू तिनं शेवटाला ठेवली होती. खरं तर तिच्यासाठीच ती एवढ्या उन्हाची चालत आली होती.

दोन्ही हातांनी तिनं चिनी मातीची बरणी बाहेर काढली. तोंडाला दादरा बांधलेला. कापड पिवळं पडलं होतं, पण गाठ घट्ट होती.

“खारातलं लिंबू आहे. नुसतं मीठ आणि लिंबू. अकरा वर्षांचं. तुमच्यासाठी आणलंय, बाबा. तुम्ही एक फोड खाल्लीत की... की झालं. मग हेही कारणी लागलं म्हणेन मी.”

“अकरा वर्षांत कुणी कुणी खाल्लं?”

“कुणीच नाही अजून.”

“का गं?”

शालन दादऱ्याच्या गाठीशी चाळा करत राहिली.

“आमच्या आत्याबाईंची शिकवण. सासू माझी. वर्ष भरल्याशिवाय दादरा सोडायचा नाही, आणि ओला हात तर बरणीजवळ न्यायचाच नाही. नवी होते तेव्हा एकदा मी आधी सोडला, तर शेजारच्या चार बायका बोलावून त्यांच्यासमोर मला बोलल्या होत्या. दुसऱ्याच्या जिवावर जिभेचे चोचले पुरवतेस म्हणून.”

“विसरली नाहीस.”

“नाही.”

“मग ही बरणी?”

“चैत्रात घातली. भादव्यात त्या अंथरुणाला लागल्या.”

...

“काही मागितलं त्यांनी?”

नळ नीट बंद झाला नव्हता. थेंब फरशीवर पडत होते.

“म्हणाल्या, शालन, तोंडाला चव नाही गं. एक फोड दे. हात पुढे केला. तापाच्या घामानं नुसता निथळत होता हात. मी म्हटलं, वर्ष कुठं भरलंय, आत्याबाई? आणि हात बघा तुमचा. तुम्हीच शिकवलंत ना?”

“रागानं म्हणालीस?”

“छे. हसून.”

तिनं दादऱ्याची गाठ पुन्हा चाचपली.

“हसूनच म्हटलं. त्याही हसल्या थोड्या. मग हात पांघरुणात घेतला.”

“पुन्हा मागितलं?”

“नाही. तिसऱ्या दिवशी गेल्या.” आणि मग ती घाईघाईनं बोलू लागली. “पण खराब नाही होऊ दिलं मी, बाबा. दरवर्षी ऊन दाखवते. एक फोड नासली नाही. बघा तुम्ही...”

गाठ सुटायला वेळ लागला. आत फोडी गुळासारख्या काळ्याभोर झाल्या होत्या. वास आला तसं तोंडाला पाणी सुटलं.

बाबा नळापासून उठले ते तसेच आले. कोपरापर्यंत हात ओले. एक हात त्यांनी तिच्यापुढे पसरला.

“दे.”

शालननं बरणी झटकन छातीशी ओढली.

“हात ओला आहे तुमचा!”

बोलून गेली, आणि तिथंच थांबली.

...

बाबांनी हात मागे घेतला नाही. पुसलाही नाही. मनगटावरून पाणी ओघळत राहिलं. शालन त्या हाताकडे बघत होती. तळव्यावरच्या रेषांत पाणी साचलं होतं.

तिची बोटं बरणीत गेली. सगळ्यात मोठी फोड तिनं शोधली आणि त्या ओल्या तळहातावर ठेवली.

“घ्या, बाबा. एवढी खा. माझ्यासाठी खा.”

बाबांनी फोडीकडे पाहिलं. मग तिचा हात धरून ती तिच्याच हातावर परत ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

“माझ्या तोंडाला चव आहे, बाई.”