अत्यंत समाधानी कार्यालय

विषय : कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी करण्याबाबत.
संदर्भ : मुख्यालयाचे परिपत्रक आणि साहेबांची तोंडी आज्ञा.

उपरोक्त विषयाची प्रश्नावली तयार करण्याचे काम कारकून घैसास यांच्याकडे आले. त्यांनी 'समाधानी' आणि 'असमाधानी' असे दोन पर्याय ठेवले. साहेबांनी दुसरा खोडला. "घैसास, असं कोणी आहे का आपल्याकडे?"

घैसासांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या जागी 'अत्यंत समाधानी' असे टाइप केले. नमुना म्हणून पहिली प्रश्नावली साहेबांनीच भरली, 'अत्यंत'वर खूण करून सही ठोकली. मग सगळ्या कार्यालयाने साहेबांचा कित्ता गिरवला.

आठवड्याने टंकलेखिका तारळेकरबाई बदलीचा अर्ज घेऊन आल्या. त्यांचा नवरा कराडला अंथरुणाला खिळला होता. साहेबांनी त्यांची प्रश्नावली पुढे सरकवली. "बाई, तुम्ही तर अत्यंत समाधानी! मग बदली कशाला? अर्ज पुढे जाणार नाही."

बाईंनी टपाल घेऊन उभ्या असलेल्या घैसासांकडे नुसते पाहिले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

"बरोबर आहे, साहेब," घैसास खाली मान घालून म्हणाले. "मग तुमचाही पुण्याच्या बदलीचा अर्ज टपालातून काढून घेतो. तुम्हीही अत्यंत समाधानी आहात."

साहेबांनी बाईंची प्रश्नावली मागे ओढून फायलीत घातली. "दोन्ही एकदमच पाठवा," ते म्हणाले.

बाहेर बाई म्हणाल्या, "फार उपकार झाले, भाऊ." घैसासांना ते ऐकवेना. एवढी जीभ त्यांना पहिल्याच दिवशी हलवता आली असती.

दोन्ही अर्ज मुख्यालयात विचाराधीन आहेत.