वरची पायरी

वसईच्या रेजिनानं नन होण्याचं व्रत घेण्याआधीच मठ सोडला आणि इनासशी लग्न ठरवलं. फादर बस्त्यांवांना ते भलतंच झोंबलं. लग्नाआधीच्या शिकवणीत सगळ्या जोडप्यांदेखत ते म्हणाले, "ब्रह्मचर्याची वरची पायरी सोडून ही खाली उतरली."

इनासची मान खाली गेली. रेजिनानं शांतपणे विचारलं, "फादर, बाप्तिस्मा कोण देतं?"

"मी."

"कम्युनियनचा प्रसाद?"

"मीच."

"आणि लग्नाचा संस्कार?"

"तो नवरा-नवरीच एकमेकांना देतात. धर्मगुरू नुसता साक्षीदार. आत्ताच शिकवलं ना?"

"मग फादर, जे दान देवानं तुमच्या हाती न देता आमच्या हाती दिलं, ते खालच्या पायरीवरचं कसं?"

लग्नाच्या दिवशी फादर वेदीच्या पायऱ्या उतरून जोडप्यापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "साक्षीदार जवळ हवा."