लहानूने पोरांना झाडं शिकवली

माळावरच्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा नवरा होता. बायको सांगेल ते करायचा, आणि अगदी तेवढंच करायचा. बायको भागीरथी बालवाडी चालवायची.

शनिवारी तालुक्याच्या मोठ्या बाई येणार होत्या. पोरांनी गावातली झाडं ओळखली तर बालवाडी राहणार, नाहीतर ओढ्यापलीकडच्या गावात जाणार. आणि ऐनवेळी भागीरथीचा पाय मुरगळला.

"तुम्ही न्या पोरांना," ती म्हणाली. "झाडं दाखवून आणा."

लहानूने पोरांना पारावर बसवलं आणि बोट लांब केलं. "तो कडूनिंब."

संध्याकाळी भागीरथीने विचारलं, "कडूनिंब कुठं असतो रे?"

पोरं म्हणाली, "लहानूमामाच्या बोटापुढं."

भागीरथीने कपाळाला हात लावला. "अहो, लांबून काय कळतंय? झाडाला चांगला कवळा घालायचा, अंगाला अंग लावून."

"आता ध्यानात आलं," लहानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काटेसावरीची पाळी. खोडाला बोटाएवढे काटे. लहानूने पोरांना दाखवायला आधी स्वतः कवळा घातला. मग पोरांनी त्याला ओढून सोडवला. सदरा झाडाकडंच राहिला.

"डोक्यात भुसा भरलाय का?" भागीरथी पाठीतले काटे काढत म्हणाली. "लांब उभं राहायचं, दगड मारून फळ पाडायचं आणि खाऊन दाखवायचं. चवीनं झाड ध्यानात राहतं."

"आता ध्यानात आलं."

तिसऱ्या दिवशी गाठ पडली बिब्ब्याशी. लहानूने दगड मारला, फळ पाडलं, काळी बी कचकन चावली. घरी आला तेव्हा ओठ वांग्याएवढे झाले होते.

भागीरथीने खोबरेल लावता लावता दात खाल्ले. "बिब्बा खातात का, शहाणे? ज्याच्यापायी पोरांना ताप होतो, त्याला कंबरेइतका गेरू फासा. गेरू दिसला की पोरांनी मागं सरायचं. आणि विचारत बसू नका, फासून मोकळे व्हा."

"आआ ब्यानात आअं," लहानू म्हणाला.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. पांढरी, कडक इस्त्रीची साडी. लहानू गेरूची बादली घेऊन मागं मागं.

"हे कोणतं झाड?" बाईंनी विचारलं.

"काटेसावर. हिनं मामाचा सदरा घेतला."

"आणि हे?"

"बिब्बा." सगळ्या पोरांनी ओठ फुगवून दाखवले.

बाई खूश झाल्या. "काय हुशार गं तू," म्हणत त्यांनी धाकट्या ठकीचा गालगुच्चा घेतला, जरा जोरातच. ठकीने भोकाड पसरलं.

लहानूने बादलीत कुंचा बुडवला.

भागीरथी लंगडत पोचली तोवर बाई कंबरेपर्यंत लाल झाल्या होत्या आणि पोरं शहाण्यासारखी मागं सरली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"विचारत बसलो नाही," लहानू म्हणाला.

मोठ्या बाईंनी पदर पिळला. लहानूकडं बघितलं. बादलीकडं बघितलं.

"भागीरथीबाई, तुमची बालवाडी इथंच राहील," त्या म्हणाल्या. "पलीकडं नेली तर तुमच्या पाठोपाठ हेही जातील. त्या गावानं माझं काय वाईट केलंय?"